उत्तर पाठ आहे, पुस्तक कुठं आहे?

दिवाळीत गावी गेलो की एखादी संध्याकाळ मी अभ्यासिकेत जाऊन बसतो. केनवडातली ही अभ्यासिका म्हणजे एका दुकानावरची खोली. आठ टेबलं, दोन पंखे, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि तलाठी, पोलीस, टीईटी, सेट अशा कुठल्या ना कुठल्या परीक्षेच्या मागे लागलेली वीसेक पोरंपोरी. माझी चुलतबहीण त्यांतलीच. मराठीत एमए झाली, आता सेटचा अभ्यास करते. मी तिच्या वहीत डोकावलो. 'मराठीतील पहिली कादंबरी : यमुनापर्यटन, बाबा पदमनजी, १८५७.' खाली लाल शाईची दुहेरी रेघ.

"वाचली का?" मी विचारलं.

"दादा, पेपरात इतकंच विचारतेत," ती म्हणाली. "वाचाले कोन सांगते?"

मग मी खोलीतल्या अजून चौघांना विचारलं. लेखक, साल, 'पहिली' हे सगळं चौघांनाही पाठ होतं. पुस्तक कुणीच पाहिलेलं नव्हतं. मी कॉम्प्युटरवाला, मला तर सालसुद्धा माहीत नव्हतं, त्यामुळे हसायचा अधिकार मला नव्हता. पण पुण्याला परतताना गाडीत ती लाल रेघ काही डोळ्यांपुढून जाईना. वाशिमपासून सावंतवाडीपर्यंत पोरं ज्या पुस्तकाचं नाव घोकतात, ते पुस्तक त्यांच्या हाती पडू नये यासाठी कुणी मुद्दाम काही केलेलं नाही. तसं करायची गरजच पडली नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मराठीत लिहिणाऱ्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचं सगळं लेखन, आणि त्यांच्याशी ज्यांनी भांडण मांडलं त्यांचंही सगळं लेखन, एका जागी, शब्द न गाळता, फुकट आणि मोबाइलवर शोधता येईल अशा अक्षरांत आलं पाहिजे. हे चर्चचं काम नाही, मराठीचं आहे. ते होत नाही याचं कारण पैसा नाही, तंत्रज्ञान तर नाहीच. कारण भीती आहे, आणि ती दोन्हीकडे आहे.

आमच्या भागात ख्रिस्ती म्हटलं की लोकांना आठवतो तो वाशिमचा मिशनचा दवाखाना. आजीच्या पिढीत बाळंतपण अडलं की बैलगाडी तिकडे वळायची. त्यापलीकडे ख्रिस्ती माणूस पुस्तकबिस्तक लिहितो, तेही आपल्या भाषेत, हे कुणाच्या गावी नसतं. शहरातल्या वाचणाऱ्या मित्रांना विचारा, ते 'स्मृतिचित्रे'चं नाव घेतील आणि थांबतील. लक्ष्मीबाई टिळक सगळ्यांना आवडतात, कारण त्या हसवतात. नवऱ्यानं १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्या बाईची जी फरफट झाली, पुढे १९०० साली त्या स्वतः त्याच वाटेनं गेल्या तो प्रवास, हे सगळं त्या पुस्तकात आहे, पण आपण लक्षात ठेवतो ते सोवळ्याचे आणि विसरभोळ्या टिळकांचे किस्से. एका गोड आजीला घरात घेतलं आणि तिच्या मागे उभी असलेली अख्खी वरात दारातच ठेवली.

त्या वरातीत कोण कोण आहे ते बघा. सगळ्यात पुढे थॉमस स्टीफन्स, विल्टशायरचा इंग्रज. १५७९ साली गोव्यात उतरला आणि मराठी शिकून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' लिहून बसला. ते १६१६ साली छापून निघालं. मागोमाग एत्येन द ला क्रुआ, ज्यानं सेंट पीटरवर पुराण रचलं. मग मधला मोठा खंड ओलांडून १८१३ साली मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन आणि १८४२ साली अहमदनगरला निघालेलं, अजूनही चालू असलेलं 'ज्ञानोदय'. नीलकंठ गोरे, ज्यांनी आधी ख्रिस्ती धर्माच्या खंडनासाठी संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेतला. बेळगावचे बाबा पदमनजी, ज्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं, मोल्सवर्थच्या कोशाची छोटी आवृत्ती केली आणि १८८८ साली 'अरुणोदय' हे आत्मचरित्र छापलं. पंडिता रमाबाई, ज्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मरेपर्यंत बायबलाचं साध्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. नारायण वामन टिळक, ज्यांचे अभंग तुकारामांचं ऋण लपवत नाहीत. या सगळ्यांच्या लेखनावरचा कॉपीराइट केव्हाच संपलाय. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो चालतो. यादीत सगळ्यात शेवटी गेल्या त्या लक्ष्मीबाई, १९३६ साली. हिशेब तुम्हीच करा.

आता जगात इतरत्र काय झालं तेही बघू. येशूनंतरच्या पहिल्या तीनेकशे वर्षांत ख्रिस्ती लोकांनी जे लिहिलं ते पत्रं, बचावाचे अर्ज, तुरुंगातल्या नोंदी, उपदेश आणि शिव्यागाळी असं विखुरलेलं होतं. रोमच्या क्लेमेंटचं करिंथकरांना पत्र. दुसऱ्या शतकात जस्टिननं थेट बादशहाला उद्देशून लिहिलेला खुलासा. इ.स. २०३ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात अंगावरचं मूल घेऊन बसलेल्या पर्पेतुआ नावाच्या विशी-बाविशीतल्या बाईनं लिहिलेलं रोजच्या दिवसांचं टिपण. 'डिडाखे' नावाची छोटी पुस्तिका तर शतकानुशतकं नुसती नावानं माहीत होती. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात एका धर्मगुरूला जुन्या बाडात ती सापडली. त्या बाडावर तारीख होती १०५६ ची.

हे सगळं गोळा कुणी केलं? भांडणाऱ्यांनी. ऑक्सफर्डच्या मंडळींना आपला पंथ जुना आहे हे दाखवायचं होतं म्हणून त्यांनी १८३८ पासून एक माला काढली. एडिंबरोच्या प्रॉटेस्टंटांना त्याला तोड द्यायची होती म्हणून रॉबर्ट्स आणि डोनाल्डसन यांनी १८६७ पासून चोवीस खंड काढले. पॅरिसमध्ये मीन्य नावाच्या एका फादरनं तर छापखानाच घातला आणि दोनशेहून जास्त लॅटिन खंड, मग दीडशेहून जास्त ग्रीक खंड धडाधड छापले. मुद्रणाच्या चुका वाट्टेल तेवढ्या. तरीही जगभरचे अभ्यासक आज त्याच्याच खंडांचे आकडे देतात, कारण सगळं एका जागी होतं. त्याच्या ग्रीक मालेचा आरंभ १८५७ सालचा, म्हणजे आपल्या 'यमुनापर्यटना'च्याच वर्षीचा. तिकडे दीडशे खंड, इकडे लाल शाईची रेघ.

एडिंबरोवाल्यांचा एक किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटच्या एका ग्रंथात तिसरा भाग स्त्री-पुरुष संबंधांवर आहे. भाषांतरकारांना तो इंग्रजीत आणायची लाज वाटली. मग त्यांनी तो इंग्रजी पुस्तकाच्या मधोमध लॅटिनमध्ये छापला. ज्याला लॅटिन येतं तो सज्जन असणारच, असा हिशेब असावा. पुढे अमेरिकन आवृत्ती निघाली तेव्हा संपादक बिशप कॉक्सनी जागोजागी टिपा घालून पोपला टोले हाणले. म्हणजे संपादक स्वच्छ नव्हते, निःपक्षपाती तर अजिबात नव्हते. पण मूळ मजकूर त्यांनी दिला आणि टिपा वेगळ्या ठेवल्या. त्यामुळे पन्नास वर्षांनी येणाऱ्या माणसाला टिपा बाजूला सारून मजकूर वाचता आला. १९९३ साली हॅरी प्लांटिंगा नावाच्या कॉम्प्युटर सायन्सच्या प्राध्यापकानं हे जुने खंड इंटरनेटवर टाकायला घेतले आणि आज केनवडच्या अभ्यासिकेत बसून पर्पेतुआ वाचता येते. इंग्रजी येत असेल तर. यमुना मात्र वाचता येत नाही.

इथं कुणी म्हणेल, की हे सगळं परक्यांचं कौतुक झालं. मग घरचं उदाहरण घ्या. चक्रधर गेल्यावर म्हाइंभटांनी रिद्धपुरात बसून, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं त्यांना विचारून विचारून 'लीळाचरित्र' जमवलं. पुढे धाडीत मूळ प्रत गेली, तेव्हा हिराइसेच्या पाठांतरावरून पुन्हा उभं केलं. एकाची आठवण दुसऱ्यापेक्षा वेगळी निघाली की महानुभावांनी कुठलीच पुसली नाही, दोन्ही ठेवल्या, आणि अशा पाठभेदाला शब्द दिला 'वासना'. अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी. तेराव्या शतकात, आमच्या वऱ्हाडात, ही शिस्त होती. पुढे याच ग्रंथांचं काय झालं तेही वऱ्हाडातलंच आहे. ते सांकेतिक लिपीत कोंडले गेले आणि विसाव्या शतकात ती लिपी उलगडेपर्यंत मराठीतलं पहिलं मोठं गद्य पंथाबाहेरच्या माणसाला वाचताच येत नव्हतं. लपवून ठेवल्यानं ग्रंथ टिकला हे खरं. पण सहाशे वर्षं मराठी गद्याला आपला बाप कोण हे माहीत नव्हतं, हेही खरं.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. तो मी घरीही ऐकलाय, ऑफिसच्या कँटीनमध्येही ऐकलाय: हा सगळा धर्मप्रचार आहे, तो कशाला जपायचा?

आहेच धर्मप्रचार. 'यमुनापर्यटन' ही मिशनच्या शाळेत शिकलेली यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी विधवांची दैना बघते आणि शेवटी ख्रिस्ती होते अशी गोष्ट आहे. लेखकाला काय म्हणायचंय हे पहिल्या काही पानांतच कळतं. हिंदू धर्माबद्दल या लेखकांच्या लेखणीत तुच्छता आहे, काही ठिकाणी ती वाचताना मलाही राग आला. आणि गोव्याची गोष्ट तर याहून काळी आहे. पोर्तुगीज सत्तेनं देवळं पाडली, पोथ्या नष्ट केल्या, १६८४ साली लोकांच्या भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. स्टीफन्सनं ज्या भाषेचं कौतुक केलं त्या भाषेवर त्याच्याच धर्माचं राज्य उलटलं. क्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या छापल्या गेल्या आणि त्यांतली एकही छापील प्रत आज सापडत नाही, हा त्या राज्यानं स्वतःला दिलेला आहेर समजा. आपण आज जे वाचतो ते १९०७ साली मंगळूरला छापलेल्या रोमन लिपीतल्या आवृत्तीमुळे आणि लंडनला पडून असलेल्या एका देवनागरी हस्तलिखितामुळे. देवनागरीत पूर्ण पुस्तक यायला १९५६ साल उजाडलं. शांताराम बंडेलूंनी ते आणलं.

पण हा काळा इतिहास सांगायचा तर पुरावा कुठून आणणार? ज्याला मिशनऱ्यांवर टीका करायची आहे त्यालाच हे लेखन सगळ्यात आधी लागतं. आणि इथंच मला आपल्या टीकाकारांचा कंटाळा येतो. वाचलेलं काही नसतं, रागावलेले मात्र असतात.

दुसरं असं, की भांडणाची एक बाजू हरवली की दुसरीही हळूहळू हरवते. सेल्सस नावाच्या विद्वानानं दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लोकांवर सणसणीत पुस्तक लिहिलं होतं. ते नष्ट झालं. आज त्यातलं जे उरलंय ते त्याचा शत्रू ओरिजेन यानं उत्तर देताना त्याची वाक्यं उतरवून घेतली म्हणून. आमच्या वाशिमचीच गोष्ट काढायची तर वाकाटकांच्या काळात या वत्सगुल्मात सर्वसेन राजानं 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य लिहिलं. काव्य गेलं. भोज, हेमचंद्र यांनी आपापल्या अलंकारग्रंथांत उदाहरणादाखल जे श्लोक घेतले तेवढेच राहिले. राजाचं काव्य दुसऱ्यांच्या खिशात उरलं.

मराठीत हे भांडण दोन्ही बाजूंनी छापलं गेलं होतं, ही आपली श्रीमंती. १८३० च्या सुमारास मुंबईत जॉन विल्सनशी वाद झाला तेव्हा मोरभट दांडेकरांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहून जबाब दिला. विल्सननं जबाबाचा जबाब छापला. १८५७ साली, पुन्हा तेच साल, विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर लोकांची गर्दी जमवून पाद्र्यांशी वाद घालत होते आणि त्या वादांचा वृत्तांत छापला कुणी? जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानं. म्हणजे विष्णुबुवांचा त्या किनाऱ्यावरचा आवाज ऐकायचा तर बोवेनच्या कागदांकडे जावं लागतं. 'हिंदू बाजू' जपायची म्हणणाऱ्यानं ख्रिस्ती बाजू जाळली तर हातात काय उरेल, याचा विचार करावा.

आणि हे नुसतं दोन धर्मांचं भांडणही नाही. १८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो आज आपण अभिमानानं मिरवतो, मिरवायलाच पाहिजे. तो छापला 'ज्ञानोदय'नं. त्या अंकाची पानं वाळवीनं खाल्ली असती तर दलित स्त्रीच्या मराठी लेखनाची आपली सुरुवातच वेगळी झाली असती. परमहंस सभा घ्या. जातीभेद मोडायला निघालेली ती गुप्त मंडळी, कागद बाहेर फुटले आणि ती विस्कटली. तिच्या आतलं वातावरण कसं होतं हे सांगणाऱ्या थोड्या साक्षीदारांत बाबा पदमनजी आहेत, कारण ख्रिस्ती होण्याआधी ते त्या सभेत होते. म्हणजे महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास लिहिणाऱ्याला 'अरुणोदय' टाळून चालत नाही. टाळतात मात्र बरेच जण, आणि दुसऱ्याच्या पुस्तकातला उतारा उचलून वेळ मारून नेतात.

रमाबाईंचं तर विचारूच नका. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली आपल्याच राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं छापला. त्यात ही बाई इंग्लंडच्या सिस्टरांशी ज्या ताठपणे वाद घालते, माझ्या श्रद्धेचं मी बघेन म्हणते, ते वाचल्यावर 'मिशनऱ्यांच्या नादी लागलेली' हा आपला आवडता शेरा कुणालाही पुन्हा उच्चारता येऊ नये. पण ती पत्रं इंग्रजीत. त्यांच्या लेखनाचं चांगलं निवडक संकलन मीरा कोसंबींनी २००० साली केलं, तेही इंग्रजीत. मराठीत पुस्तकं लिहिलेल्या या बाईला मराठी मुलीनं एकत्र वाचायचं तर इंग्रजीतून वाचावं लागतं.

मी हे नुसतं घरबसल्या बोलत नाही. 'अरुणोदय'ची जुनी प्रत बघायला मी एका मोठ्या ग्रंथालयात गेलो होतो. टेबलामागच्या गृहस्थांनी चिठ्ठी वाचली, माझं आडनाव वाचलं आणि विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन का?" नाही म्हटलं. "मग हे कशाला?" पुस्तक 'बाइंडिंगला' गेलं होतं, तीन खेपा मारूनही ते बाइंडिंगहून आलं नाही. मग एका ख्रिस्ती संस्थेत गेलो. तिथं वागणं सभ्य होतं, चहाही मिळाला. पण प्रश्न फार वेगळा नव्हता. "कुठल्या संघटनेतर्फे आलात? याचं काय करणार?" मी म्हटलं, टाइप करणार. त्या बाईंनी कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आम्ही कमिटीला विचारून कळवू. कळवलं नाही.

पहिल्या गृहस्थांवर मी चिडलो. दुसऱ्या बाईंवर चिडता येईना. आजच्या दिवसांत एखादा अनोळखी तरुण येतो आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तुमच्या पूर्वजांनी देवदेवतांवर काय लिहिलं ते टाइप करून सगळ्यांच्या फोनवर टाकतो म्हणतो, तेव्हा पोटात गोळा येणारच. एक परिच्छेद कापला, पिवळ्या पट्टीत टाकला की झालं. ही भीती खोटी नाही. तरी मला त्यांना सांगायचंय, की तो कापलेला परिच्छेद तसाही फिरणार आहे. फिरवणाऱ्याला एक पान पुरतं. उत्तर देणाऱ्याला मात्र मागचं-पुढचं पान लागतं, समोरच्यानं दिलेला जबाब लागतो, साल लागतं. ते कपाटात आहे तोवर उत्तर देणारा हात हलवत उभा राहणार.

आता माझ्या धंद्यातल्या लोकांशी दोन शब्द. तुम्ही म्हणता, यातलं बरंचसं स्कॅन होऊन इंटरनेटवर पडलंय, आणखी काय हवं? स्कॅन म्हणजे फोटो. फोटोत शोधता येत नाही. साठ-सत्तर एमबीची पीडीएफ अभ्यासिकेतल्या पोरीनं उतरवायची, पाच इंची पडद्यावर बोटांनी ताणून वाचायची, हे वाचन नव्हे, नेत्रतपासणी आहे. तोच मजकूर नुसत्या अक्षरांत आला तर एखाद्या फोटोइतकीही जागा घेत नाही. यंत्राकडून अक्षरं ओळखून घ्या म्हणाल तर मी घेतली. जुना खिळ्यांचा ठसा, मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली, 'कीं', 'नाहीं', 'घरीं' असे अनुस्वार. यंत्रानं निम्मे अनुस्वार धूळ समजून झटकले आणि धुळीचे काही अनुस्वार केले. क्रिस्तपुराण तर रोमन लिपीत, तेही पोर्तुगीज वळणाचं, 'श'च्या जागी एक्स. हे काम माणसानं बसून करायचं आहे. दोन थर ठेवायचे: एक छापल्याबरहुकूम, दुसरा आजच्या लेखनाप्रमाणे, शोधण्यापुरता. पाठभेद सापडला की महानुभावांसारखा दोन्ही ठेवायचा. टीप घालायची तर वेगळी, मजकुरात कालवायची नाही. यात अवघड असं काही नाही. कंटाळवाणं मात्र आहे.

आणि मग काय होतं त्याचा एक मासला देतो. 'तारण' हा शब्द घ्या. रिसोडला कुठल्याही पतसंस्थेच्या दारावर 'सोनेतारण कर्ज' लिहिलेलं असतं. माझ्या आईच्या पाटल्या दोनदा तारण राहिल्यात, एकदा सोयाबीन गेलं तेव्हा, एकदा माझ्या फीपायी. त्याच शब्दाला चर्चमध्ये उद्धार म्हणतात, पापातून सुटका. गहाण टाकलेली वस्तू आणि वाचवलेला जीव, दोघांना एकच शब्द. ग्रीकमध्येही सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी सुटकेसाठी वापरलेला एक शब्द गुलाम किंवा कैदी पैसे भरून सोडवून आणण्याचा आहे. मराठीत हे दोन अर्थ एकमेकांना कधी भेटले? स्टीफन्सकडे हा शब्द कुठल्या अर्थानं येतो? पदमनजी बँकेचा अर्थ ऐकून बिचकले का? टिळकांनी अभंगात मुद्दाम दोन्ही खेळवले का? स्वर्गासाठी 'वैकुंठ' लिहिणाऱ्या स्टीफन्सपासून ते साधी मराठी हवी म्हणणाऱ्या रमाबाईंपर्यंत शब्दांची ही अशी ये-जा आहे. ती शोधणं हे एका पोरीच्या पीएचडीचं काम आहे. सगळं एका जागी असेल तर पहिला शोध दोन सेकंदांत लागेल. नसेल तर ती विषयच बदलेल, आणि तिचे सर तिला तोच सल्ला देतील.

सरकारला जमत नाही असं कुणी सांगू नये. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय १९६९ साली राज्याच्या मंडळानं काढलं. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड १९७९ पासून सरकारनं छापले. त्या खंडांनी महाराष्ट्रात काय केलं हे त्या अभ्यासिकेच्या भिंतीला विचारा. तिथं नकाशाशेजारी बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्यांचे खंड वाचलेली पोरं आहेत. खंड हातात आले म्हणून वाचली. फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पाद्र्यांशी बोलले, भांडले, त्यांची मदत घेतली आणि शेवटी ख्रिस्ती झाले नाहीत. का झाले नाहीत, हे नीट कळायला त्यांच्या समोर बसलेल्या माणसांचं म्हणणंही वाचायला लागतं. आपण संवादातली एक बाजू सरकारी खर्चानं छापली आणि दुसरी वाळवीला दिली.

समग्र म्हणताना एक सावधगिरी. यादी केली की ती पटकन बाटलेल्या ब्राह्मणांची यादी होते. माझीही वर तशीच झाली, बघा पुन्हा. नगर जिल्ह्यात जे गावंच्या गावं ख्रिस्ती झाले त्यांत महार-मांग जास्त होते. त्यांची पुस्तकं नाहीत. 'ज्ञानोदया'तली बारीक टायपातली पत्रं, मृत्युलेख, कीर्तनांची पदं यांत ते आहेत. एडिंबरोवाल्यांनी लॅटिनमध्ये जे झाकलं तसं आपण 'किरकोळ' म्हणून झाकू नये. 'ज्ञानोदय' पहिल्या अंकापासून अक्षरांत आलं पाहिजे, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी. मित्र म्हणतात आधी क्रिस्तपुराण. त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे.

तोवर मी 'यमुनापर्यटन' घेतलंय. रात्री जेवण झालं की एक-दोन पानं टाइप करतो आणि बहिणीला पाठवतो. ती केनवडहून चुका काढते. परवा तिनं एका पानावर सहा काढल्या, त्यांतल्या चार माझ्या होत्या, दोन छापखान्याच्या. छापखान्याच्या तशाच ठेवायच्या असं मी सांगितलं तर तिला ते पटेना. एकेचाळीस पानं झालीत. बेचाळिसावं पान माझ्याकडच्या स्कॅनमध्ये अर्धं फाटकं आहे. ज्यांच्याकडे हे पुस्तक असेल त्यांनी बेचाळिसाव्या पानाचा फोटो पाठवावा. तुम्ही कुणाचे, हे मी विचारणार नाही.